खो मिळेपर्यंत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळी सगळ्याजणी खो-खोला उतरल्या आणि मी खुर्चीत बसून राहिले. "तू आणि खुर्चीत?" असं बऱ्याच जणींनी विचारलं. म्हणून सांगते.

दोन वर्षं माझा उजवा खुबा दुखतोय. शाळा सुटली तरी माझं धावणं सुटलं नव्हतं. आता धावताना जांघेत कळ येते आणि तासभर संगणकासमोर बसलं की उठताना लंगडायला होतं. एमआरआयमध्ये सांध्याच्या वाटीची कड, म्हणजे लॅब्रम, फाटलेली दिसली. एक सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून शिवून घ्या. दुसरे म्हणाले, थांबा. अशा फाटी काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसतात. शिवाय तुमची कूर्चा थोडी झिजली आहे, अशा सांध्यात या शस्त्रक्रियेचा भरवसा कमी.

आपल्याच एकीने मला अँडी मरेची आठवण करून दिली. जानेवारी २०१९ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया, ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला एकेरीचं विजेतेपद! पण त्याच्या सांध्यात धातू बसवला होता. माझं दुखणं वेगळं, शस्त्रक्रियाही वेगळी.

मी सॉफ्टवेअरवाली. चूक दिसली की हात शिवशिवतात. पण दिसलेली चूक हेच बिघाडाचं कारण असेल असं नाही, हेही याच कामाने शिकवलंय. मग स्वतःला विचारलं, शस्त्रक्रिया हवी कशासाठी? खरं उत्तर द्यायला लाज वाटली. मला दहावीतली मी परत हवी होती.

नववीत घोटा मुरगळला तेव्हा सरांनी मला सामन्यात उतरवलं नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सर, तुम्ही तेव्हा एवढंच म्हणालात, "खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं."

तर तूर्त शस्त्रक्रिया नाही. सहा महिने फिजिओथेरपी, धावणं बंद, पोहणं चालू. दुखण्याने झोपमोड व्हायला लागली किंवा चालणं अवघड झालं, तर पुन्हा सर्जनकडे जायचं, हे कागदावर लिहून ठेवलंय. चार महिने झाले. जिना चढताना कळ येत नाही. मांडी घालून मात्र अजून बसता येत नाही, आणि पहाटे रस्त्यावर कुणी धावताना दिसलं की मी तोंड फिरवते.

निर्णय बरोबर ठरेल का, माहीत नाही. पुढच्या मेळाव्यालाही खुर्चीतच असले, तर गुण लिहायची वही माझ्याकडे द्या.