जमिनीची ओल : आभाळाची देणगी, माणसाची राखण
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेले व्याख्यान)



‘ओल’ हा मराठीतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. मायेला ओल असते, शब्दाला ओल असते. परंतु या साऱ्या लक्षणा ज्या मूळ अर्थावर उभ्या आहेत, तो अर्थ शेतातला आहे. पावसाने उघडीप दिली की शेतकरी मूठभर माती उचलतो, दाबून पाहतो आणि वाफसा आला की नाही ते ठरवतो. वाफसा म्हणजे चिखल नव्हे आणि कोरडही नव्हे. मातीच्या कणांमध्ये पाणी व हवा या दोहोंना जागा असलेली ती अवस्था. जमिनीला ही ओल कोण देतो, असे विचारले तर ‘पाऊस’ हे उत्तर सहज येते. ते खरे असले तरी अर्धेच आहे. ओल येते आभाळातून. ती टिकते किंवा जाते ती मात्र बहुतांशी माणसाच्या वागण्याने.

ओल हरपली म्हणजे जमिनीचे काय होते, हे जगात सर्वांत ठळकपणे दिसते ते पीटभूमीत. दलदलीत पाण्याखाली हवा पोहोचत नाही. त्यामुळे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत आणि त्यांचे थर हजारो वर्षे साचत राहतात. या थरांना पीट म्हणतात. पृथ्वीवरील जमिनीच्या सुमारे ३ टक्के भागावरच ते आहे. पण त्यात साठलेला कार्बन जगातील सर्व अरण्यांच्या झाडोऱ्यातील कार्बनपेक्षा अधिक आहे. हा साठा सुरक्षित असतो तो केवळ ओलीमुळे. पाणी काढून टाकले की हवा आत शिरते, पीट कुजू लागते आणि जमीन खचते. पूर्व इंग्लंडमधील होम फेन येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेतीसाठी दलदल कोरडी करण्यात आली. त्या वेळी पीटमध्ये एक खांब पुरून त्याचा माथा जमिनीसरसा ठेवण्यात आला होता. आज तो खांब सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे. खांब वर आलेला नाही. जमीन खाली गेली आहे.

इंडोनेशियातील उदाहरण याहून बोलके आहे. मध्य कालीमंतान प्रांतात सुमारे १० लाख हेक्टर पीटभूमी भातशेतीखाली आणण्यासाठी १९९६ च्या सुमारास मोठाले कालवे खणण्यात आले. त्या कालव्यांनी दलदलीतील पाणी वाहून नेले. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, एल निनोमुळे पाऊस लांबला आणि सुकलेल्या पीटने पेट घेतला. धुराने सिंगापूर व मलेशियाचे आकाश झाकोळले. कोरडी वर्षे तेथे पूर्वीही येत असत. पण ओली दलदल सहसा पेटत नसे. दुष्काळ निसर्गाचा होता, त्याला जळण मात्र कालव्यांनी पुरवले. हवामान आणि मानवी कृती यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही, तो असा.

आता हाच हिशेब घराजवळ मांडून पाहू या. कन्नौद हे गाव विंध्याच्या दक्षिणेस, नर्मदेच्या खोऱ्यात वसलेले. होळकरांच्या इंदूर संस्थानातील नेमावर जिल्ह्याचे हे मुख्य ठाणे होते. येथे पीट नाही. आहे ती काळी माती. पण ओलीशी तिचे नाते तितकेच निकटचे. पाणी मिळाले की ती फुगते, पाणी आटले की आक्रसते आणि वैशाखात तिला हातभर खोल भेगा पडतात. भिजली की पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. माळव्यातील जुनी शेती याच गुणावर उभी होती. पावसाळ्यात पुष्कळशी जमीन पडीक ठेवायची आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा, अशी ती रीत होती.

१९७० नंतरच्या काळात सोयाबीन आले आणि पावसाळ्यातील पडीक शेते हिरवी झाली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका ओलीवर दोन पिकांचा भार पडला. गव्हाला पाणी देण्यासाठी कूपनलिका खोल जाऊ लागल्या. खाली काळा पाषाण. त्यात पाणी राहते ते झिजलेल्या थरात आणि फटींमध्ये. साठा बेताचा आणि उपसा बेसुमार, अशी गत झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी, देवासमध्ये, जुनी तळी बुजत गेली आणि २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून ५० टँकर पाणी घेऊन आगगाडी देवासला आली. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ च्या हिंदी पुस्तकात ही घटना नोंदवली आहे.

आभाळही पूर्वीसारखे राहिलेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. धो-धो कोसळणारा पाऊस मुरत नाही; वाहून जातो आणि जाताना माती नेतो. संथ पावसाने जी ओल आपोआप मिळे, ती आता अडवून मिळवावी लागेल.

ती मिळवता येते, याची साक्षही याच प्रदेशात आहे. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात, जबलपूर-नरसिंहपूरकडे, शेताला उंच बांध घालून पावसाचे पाणी कोंडण्याची आणि पेरणीपूर्वी ते सोडून देण्याची ‘हवेली’ पद्धत जुनी आहे. देवास जिल्ह्यात २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने भगीरथ कृषक अभियान सुरू झाले. आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा तळ्यासाठी द्यावा, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. अनेकांनी ते मानले, आणि त्या तळ्यांना ‘रेवासागर’ असे नाव मिळाले. माणूस ओल घालवतो, तसा तो ती परतही आणतो.

शेवटी एक गोष्ट ग्रंथालयाच्या शताब्दीत सांगणे अगत्याचे आहे. पीटभूमी स्वतःचा इतिहास स्वतःच जपते. निलगिरीच्या उंच दऱ्यांतील पीटच्या थरांवरून गेल्या २० हजार वर्षांतील ओले व कोरडे कालखंड शास्त्रज्ञांना ओळखता आले. तो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या मातीचा स्वभाव उलटा आहे. उन्हाळ्यात वरची माती भेगांतून खाली पडते, पावसात खालची वर ढकलली जाते. ती स्वतःला सतत घुसळत असते. तिच्यात पाने राहत नाहीत. तिची दप्तरे माणसानेच लिहिली पाहिजेत. दर गावातील चार-दोन विहिरींची पाणीपातळी वैशाखात आणि कार्तिकात मोजावी, पावसाचे दिवस टिपावेत, आणि ती वही गावोगावच्या वाचनालयांनी जपावी. यासाठी फारसा पैसा लागत नाही. सातत्य लागते, आणि शंभर वर्षे चाललेल्या संस्थेला ते शिकवावे लागत नाही. कोणत्या वर्षी पाऊस रुसला आणि कोणत्या वर्षी माणसाने अधिक उपसले, हे त्या वहीवरून पुढच्या पिढीला कळेल. आणि जे कळते, तेच सुधारता येते.