डोळे आले, की आणखी काही?

2023 च्या जुलैमध्ये आळंदीत सुरू झालेली डोळ्यांची साथ पाहता पाहता राज्यभर पसरली. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावांत पावसाळ्यात डोळा लाल झाला, की 'डोळे आले' असं आपण लगेच ठरवतो. पण प्रत्येक लाल डोळा साथीचा नसतो.

विषाणूमुळे डोळे आले, तर पाणी येतं, खुपतं आणि एका डोळ्यानंतर बहुधा दुसराही लाल होतो. जिवाणू असतील, तर घट्ट पिवळं चिपाड येऊन सकाळी पापण्या चिकटतात. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज सुटत असेल, तर बहुधा ॲलर्जी. ती पसरत नाही.

मात्र तीव्र वेदना, अंधूक दिसणं, उजेड सहन न होणं असं काही असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. सोयाबीन कापताना काडी किंवा धसकट लागून बुबुळाला बुरशीची जखम होऊ शकते. डोकेदुखी आणि उलट्यांसह डोळा दुखला, तर काचबिंदूचा झटका असू शकतो.

दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणू नका. बुरशीची जखम त्यांनी चिघळते. हात साबणाने धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, डोळे चोळू नका. वेळेत झालेली तपासणी दृष्टी वाचवते.