मरे-डार्लिंग : पाण्याची बचत आणि नदीचे खाते



शासनाने शेतीच्या पाणीबचतीवर पैसा खर्च केला की वाचलेले पाणी आपोआप नदीला मिळते, असा समज सर्वत्र आढळतो. तो कितपत खरा, हे तपासण्यास ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. दहा लाख चौरस किलोमीटरांहून मोठे, त्या देशाचा सुमारे सातवा हिस्सा व्यापणारे हे खोरे प्रामुख्याने चार राज्यांत पसरले आहे. द्राक्षे, भात, फळबागा तेथे आहेत. स्वच्छ धाग्यासाठी कापडव्यवसायात नावाजला जाणारा ऑस्ट्रेलियन कापूसही बहुतांशी याच पाण्यावर पिकतो.

१९९७ ते २००९ या दीर्घ अवर्षणाने खोऱ्याचा कणा मोडला. मरे नदीला समुद्रापर्यंत पोहोचण्याइतकेही बळ उरले नाही. तिचे मुख वाळूने बुजू नये म्हणून २००२ पासून यंत्रे लावून वाळू उपसावी लागली. अखेर जानेवारी २००७ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी एक हजार कोटी डॉलरांची जलयोजना जाहीर केली आणि त्याच वर्षी केंद्रीय जल कायदा झाला. पुढील सरकारने २००८ मध्ये ही रक्कम सुमारे १,२९० कोटींवर नेली. त्यापैकी सुमारे ५८० कोटी कालवे व शेतावरील सुधारणांसाठी होते, तर ३१० कोटी थेट पाणी विकत घेण्यासाठी.

पाणी विकत घेणे, हा शब्दप्रयोग आपल्या कानांना खटकतो. तेथे मात्र पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा आहे. तो घेता-विकता येतो. म्हणून शासनापुढे दोन मार्ग होते. राजीखुशीने विकणाऱ्या शेतकऱ्याकडून हक्क घ्यावा. किंवा त्याच्या कालव्याला अस्तर, बंद नळ, ठिबक यांचा खर्च देऊन वाचलेल्या पाण्यातील वाटा हक्काच्या रूपाने घ्यावा. दोन्ही प्रकारचे हक्क एका स्वतंत्र केंद्रीय अधिकाऱ्याच्या नावे जमा होतात आणि ते पाणी केवळ नदी व पाणथळींसाठी सोडले जाते. थोडक्यात, नदीच्या नावाने खाते उघडले गेले.

२०१२ च्या खोरे आराखड्याने या खात्यात वर्षाला सरासरी २,७५० अब्ज लिटर आणण्याचे ठरवले. आपल्या मापाने हे सुमारे ९७ टीएमसी, म्हणजे कोयना धरणाच्या पूर्ण साठ्याहून थोडेच कमी. पाणीबचतीतून आणखी ४५० अब्ज लिटर मिळवायचे होते.

शेतकऱ्यांचा विरोध तीव्र होता. २०१० मध्ये ग्रिफिथ येथे त्यांनी मसुद्याच्या प्रती जाळल्या. शेजाऱ्याने पाणी विकले की कालव्याच्या देखभालीचा बोजा उरलेल्यांवर पडतो, गावातील दुकाने व शाळा क्षीण होतात, ही त्यांची भीती होती. ती निराधार म्हणता येणार नाही. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळेनासा झाला की बाजारपेठ कशी ओस पडते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. २०१५ मध्ये कायद्यानेच खरेदीवर १,५०० अब्ज लिटरची मर्यादा आली आणि भर बांधकामांवर गेला.

येथेच हिशेबाचा खरा प्रश्न उभा राहतो. व्हिक्टोरियातील विमेरा-मॅली प्रकल्पात सुमारे १७,५०० किलोमीटर उघड्या मातीच्या चाऱ्या काढून त्यांच्या जागी बंद नळ टाकले गेले. २०१० मध्ये हे काम पूर्ण झाले. त्या चाऱ्यांतील बहुतेक पाणी तापत्या, सपाट मुलखात उडून व जिरून जात असे. म्हणून तेथील बचत खरी होती आणि नद्यांनाही तिचा मोठा वाटा मिळाला. परंतु नदीकाठच्या शेतातून झिरपणारे पाणी पुष्कळदा जमिनीखालून त्याच नदीला परत येते. ते अडवून त्यास ‘बचत’ म्हणणे म्हणजे एका खात्यातून उचललेली रक्कम दुसऱ्यात जमा दाखवून नफा जाहीर करण्यासारखेच. क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच विरोधाभास जगभरच्या सिंचनाबाबत मांडला : ठिबक आले तरी खोऱ्याचा एकूण उपसा कमी होईलच असे नाही, वाचलेले पाणी बहुधा अधिक क्षेत्रात किंवा अधिक तहानलेल्या पिकात मुरते. शिवाय बांधकामांतून मिळालेले पाणी थेट खरेदीच्या दुपटीहून महाग पडले. एवढा महाग माल घेताना वजनकाटा न तपासणारा व्यापारी फार काळ टिकत नाही. शासनाला मात्र ते परवडते, कारण पैसा करदात्यांचा असतो.

याच काळात डार्लिंग नदीवर मेनिंडी येथे २०१८-१९ च्या उन्हाळ्यात लाखो मासे मेले. अवर्षण, वरच्या अंगाचा उपसा आणि साचलेल्या पाण्यातील शेवाळ यांचा तो एकत्रित परिणाम होता. मार्च २०२३ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा मासे तरंगले. या वेळी ओसरत्या पुरानंतर पाण्यातला प्राणवायू घटला होता. काठावरील बारकिंजी लोक या नदीला ‘बाका’ म्हणतात आणि स्वतःची ओळख तिच्याच नावाने सांगतात.

२०२३ च्या अखेरीस संसदेने खरेदीवरील मर्यादा उठवली आणि ४५० अब्ज लिटरसाठी डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत वाढवली. बाधित गावांसाठी साहाय्यनिधीची तरतूदही झाली. संपूर्ण आराखड्याच्या फेरआढाव्यासाठी २०२६ हे वर्ष ठरवण्यात आले.