उसाच्या फडांतील गर्भवती

दसरा-दिवाळी सरली, कीं बीड जिल्ह्यांतील पाटोदा व त्याच्या आसपासचीं गांवें ओस पडूं लागतात. बालाघाटच्या कोरडवाहू रानांत वर्षाचें पोट भरत नाहीं. म्हणून मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोचा ‘कोयता’ दूरच्या साखरकारखान्यांकडे निघतो. त्यांत कित्येक स्त्रिया गर्भवती असतात.

फडावरचा मुक्काम कोपींत. तेथें बहुधा शौचकूप नसतो, पाणी बेताचेंच. आडोसा मिळेपर्यंत लघवी तुंबवावी, आणि ती लागूंच नये म्हणून पाणीही कमी प्यावें, अशी संवय स्त्रियांस जडते. शरीरधर्म मात्र याच्या उलट मागतो. गर्भारपणीं मूत्रनलिका सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांवर दाब पडतो, लघवी सांचून राहते व तींत जंतु वाढतात. पुष्कळदां जळजळ नाहीं, ताप नाहीं. म्हणून कोणास संशयही येत नाहीं. पण उपचार न झाल्यास तेच जंतु मूत्रपिंडापर्यंत चढूं शकतात. मातेस हुडहुडी भरून ताप येतो, आणि मूल अपुऱ्या दिवसांचें जन्मण्याचा धोका वाढतो.

उपाय अवघड नाहीं. लघवीची तपासणी करावी, आणि जंतु आढळल्यास गर्भास न बाधणारें प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्यानें, सांगितलेले सर्व दिवस घ्यावें. अडचण आहे ती तपासणीस जाण्याची. कारण एका दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी बुडून वर दंड.

प्रसूतीच्या वेळचा जंतुसंसर्ग हा दुसरा शत्रु. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें डॉक्टर सेमेलवाइस यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें वैद्यांस हात धुवावयास लावून बाळंतिणींचे मृत्यु कमी करून दाखविले. २०२३ सालीं सात देशांतील २९,००० हून अधिक स्त्रियांवरील एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नागपूर व बेळगांव हीं त्याचीं भारतांतील केंद्रें होतीं. प्रसूतिवेदना सुरू असतां ॲझिथ्रोमायसिनची २ ग्रॅमची एकच मात्रा दिलेल्या मातांत जंतुदोष वा मृत्यु यांचें प्रमाण शेंकडा १.६, तर न दिलेल्यांत २.४ आढळलें. नवजात अर्भकांच्या बाबतींत मात्र फरक पडला नाहीं. म्हणजे एक मात्रा ही तपासणीची, स्वच्छ पाण्याची व स्वच्छ हातांची जागा घेऊं शकत नाहीं.

शहरांतील चहांत पडणारी साखर जिच्या कोयत्यानें तोडलेल्या उसाची, तिची तपासणी वेळेवर झाली काय, हा प्रश्न केवळ पाटोद्याचा नव्हे. फडाजवळ शौचकूप, कोपीपर्यंत येणारी परिचारिका आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी, एवढें तिला मिळालें, तर औषधाचें काम पुढें सोपें आहे.