बी.एस्सी.नंतर औषधशास्त्र

मुदखेड जंक्शनवरून गाडी धरून नांदेडला कॉलेजला जाणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलांचा हमखास प्रश्न: आता फार्मसीत पुढं शिकता येईल का?

एम.फार्म.ला नाही. तिथं बी.फार्म.च लागतं. पैसे भरा, जमवून देतो, असं कुणी म्हणालं तर त्याला लांबूनच रामराम करा.

वाट आहे, थोडी वळणाची. आधी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करा. मग नेट किंवा गेटच्या जोरावर 'नायपर' या राष्ट्रीय औषधशिक्षण व संशोधन संस्थांची संयुक्त प्रवेश परीक्षा देता येते. तिथल्या औषधी रसायनशास्त्राच्या एम.एस.ला बी.फार्म.सोबत असे एम.एस्सी.वालेही बसतात. नांदेडकरांना हैदराबादचं नायपर सोयीचं. उदगीरच्या पशुवैद्यक पदवीधरांना औषधगुणशास्त्राचा दरवाजा उघडा असतो, हे तर फार थोड्यांना ठाऊक!

एक मात्र घरच्यांना आधीच सांगा. या पदव्यांवर मेडिकल दुकान टाकता येत नाही. 1948च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीला डी.फार्म. किंवा बी.फार्म. हवं. गोळ्यांच्या कारखान्याचं वेगळं आहे: रसायनशास्त्र मुख्य विषय असलेला विज्ञान पदवीधर, औषधनिर्मितीच्या तीन वर्षांच्या अनुभवानंतर, उत्पादनाच्या देखरेखीसाठी नियमानुसार पात्र ठरतो.