लपविलेली शिदोरी



या शाळेतून निघून पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशच्या एम.ए.ला गेले, तेव्हा मराठी माध्यमाचा उल्लेख मी टाळीत असे. सेर्व्हान्तेसच्या, १६०५ साली पहिला भाग निघालेल्या ‘दोन किहोते’वर बोलणाऱ्यांत आपण उपऱ्या, असे वाटे.

नंतर पुण्यात शिकवू लागले. ‘मे गुस्ता एल मांगो’ हे वाक्य इंग्रजीच्या आधाराने विद्यार्थ्यांना उमगेना. मी फळ्यावर लिहिले, ‘मला आंबा आवडतो.’ आंबे अनेक झाले की तिकडे ‘गुस्तान’, इकडे ‘आवडतात’. दोन्हीकडे क्रियापद आंब्यामागेच चालते! वर्ग खुलला.

लपविलेली शिदोरीच अखेर कामी आली. ती देणाऱ्या हीरक महोत्सवी शाळेला कृतज्ञ वंदन.