चाकणच्या ढासळलेल्या तटाची शिकवण



महोत्सवाच्या प्रसंगी मागील वाटचालीकडे दृष्टी वळते. आपणांपैकी बहुतेकांची कुटुंबे वसईकडून, गोव्याकडून वा नगर जिल्ह्यातून चाकरीच्या निमित्ताने या पिंपरी-चिंचवड व चाकण भागात आली. येथे घरे झाली, मुले वाढली. तरीही "आमचे गाव" म्हणताना आपले बोट अजून दूरच्या दिशेकडे वळते. ही भूमी आपली केव्हा होणार, हा प्रश्न पुष्कळांच्या मनास सलतो. त्याचे उत्तर जवळपासच्या दोन जुन्या स्थळी मिळेल, असे मला वाटते.

पहिले स्थळ चाकणचा संग्रामदुर्ग. कारखान्यांकडे धावणाऱ्या वाहनांतून तो नजरेत भरत नाही. हा डोंगरी किल्ला नव्हे, साधा भुईकोट. आज तटाचे व बुरुजांचे काही भग्न अवशेष तेवढे उभे आहेत. इ. स. 1660 च्या जूनमध्ये शाएस्ताखानाने त्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने मूठभर शिबंदीनिशी तो भर पावसाळ्यात सुमारे 56 दिवस लढविला. ऑगस्टच्या मध्यास मोगलांनी सुरुंगाने बुरुज उडविला, तरी आतील लोक दुसऱ्या दिवसापर्यंत झुंजत राहिले. मोगलांचे 268 लोक पडले व 600 जखमी झाले. एक लहानसा भुईकोट घेण्यास एवढे मोल पडते, तर डोंगरी किल्ल्यांची काय कथा, हे खानास उमगले.

किल्ला गेला, हे खरेच. पण खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजीने नाकारली असे सांगतात. आणि शिवाजी महाराजांनीही त्यास अपयशी मानून दूर लोटले नाही, पुढे भूपाळगडाची किल्लेदारी दिली. यश आपल्या हाती नसते. नेमून दिलेल्या जागी उभे राहणे मात्र असते. कारखान्याचे दार एकाएकी बंद झाल्यावर ज्यांनी मिळेल ते काम करून मुलांचे शिक्षण तडीस नेले, असे पुष्कळ बाप व पुष्कळ माता आपणांमध्ये आहेत. त्यांनी स्वतःस हरलेले समजू नये.

दुसरे स्थळ पुण्यातील क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई व अधिकारी होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी 1792 साली जागा दिली. त्याच्या 53 वर्षे आधी, 1739 मध्ये, चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली होती. त्या युद्धाची आठवण दोन्हीकडे ताजी असली पाहिजे. असे असूनही परधर्मीय चाकरांच्या प्रार्थनेची सोय पाहणारे राज्यकर्ते या पुण्यात होते. ती जागा त्या शिपायांनी मागील वैराच्या हिशेबाने मिळविली नाही. ती त्यांच्या इमानाच्या सेवेस मिळाली. त्या उपकाराचे आपण वारसदार आहोत, आणि वारशाबरोबर ऋणही येते. आज परप्रांतातून या औद्योगिक पट्ट्यात नवा कामकरी येतो, भाड्याच्या एका खोलीत चारचौघांसह राहतो. त्याच्यासाठी आपण थोडी जागा करतो काय? रविवारी तो शेजारच्या बाकावर बसला, तर त्याचे नाव तरी विचारतो काय?

तात्पर्य हे की, भूमी केवळ जन्माने वा खरेदीखताने आपली होत नाही. तिच्यावर इमानाने चाकरी करावी, तिचा इतिहास आपला मानावा आणि मागून येणाऱ्यास जागा द्यावी, म्हणजे ती आपलीशी होते.

यास्तव माझी एक विनंती आहे. या महोत्सवी वर्षात एखाद्या रविवारी मुलांस संग्रामदुर्ग दाखवा. दुसऱ्या रविवारी सिटी चर्चला न्या. फिरंगोजी कोण होता, ती जागा कोणी दिली, हे त्यांस सांगा. त्याच वेळी त्यांचे आजोबा या भागात प्रथम आले, तेव्हा कोठे उतरले व त्यांस कोणी आसरा दिला, हेही सांगण्यास विसरू नका.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.